जास्तीची मेंढी

ज्या माणसानं सावळारामतात्यांची ओवी तोडली, त्याला हुडकायला मी त्या वैशाखात थोरवेमाळावर गेलो होतो. सापडला तर त्याला चार माणसांत असा उभा करायचा, की जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही, एवढं ठरवूनच घरातून निघालो होतो. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत बापडे. कारखान्याच्या वजनकाट्यावर वीस वर्षं ट्रॅक्टरवाल्यांशी आणि बैलगाडीवाल्यांशी हुज्जत घालणाऱ्या माणसाच्या जिभेवर साखर कुठून राहायची? पण त्या दिवशीचा माझा राग काट्यावरचा नव्हता, तो प्रेमातून आलेला होता, आणि असा राग फार दिवस टिकतो.

आमच्या घरात आता मेंढरं नाहीत. वडिलांनी ती विकली, मला शिकवलं, आणि मी माळेगावला नोकरीला चिकटलो. मेंढरांमागची पायपीट गेली, तिची मला कधी आठवणही आली नाही. फक्त ओवी सुटली नाही. दर वैशाखात इंदापूरच्या वाटेवर, फाट्यापासून कोसभर आत, थोरवेमाळावर बिरोबाच्या देवळापुढं दिवसभर ओव्यांचा मेळा भरतो. लांबलांबचे गाणारे येतात, गजीचा नाच होतो, ढोल वाजतात, आणि दुपारी उन्हं कलली की सावळारामतात्या कानावर हात ठेवून उभे राहतात. तात्या उभे राहिले की माझं बाकीचं आयुष्य म्हणजे नुसती वाट बघणं होतं असं मला वाटतं. हे मी बायकोसमोरही बोललो आहे, आणि तिनं ते मनात ठेवलं आहे.

या माळावरचा एक दंडक सांगायला हवा. चालू ओवी मध्येच तोडायची नाही. गाणाऱ्याला ठसका लागला, पाऊस आला, मंडप उडाला तरी हातातली ओवी पुरी करूनच थांबायचं, कारण देव त्या ओवीत येऊन बसलेला असतो. आणि कुणी बाहेरच्यानं ती तोडलीच, तर ज्यानं तोडली त्यानं ती पुरी करायची. पुरी केल्याशिवाय त्याला माळावरून हलता येत नाही. नाहीच करता आली तर काय, असं मी लहानपणी एकदा आजोबांना विचारलं होतं. त्यांनी मला मेंढरांना पाणी दाखवायला पिटाळलं होतं.

तर आदल्या वर्षीची गोष्ट. ऊस एवढा झाला होता, की मे उलटत आला तरी गाळप संपेना, आणि मला सुट्टी मिळाली नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मेळा चुकला. मी माझा टेपरेकॉर्डर, नवे सेल आणि नव्वद मिनिटांची एक कोरी कॅसेट चुलतभाऊ भिमाच्या हवाली केली, आणि तात्यांची ओवी भरून आण म्हणून बजावलं. दोन दिवसांनी मी कामावरून आलो तर टेपरेकॉर्डर कट्ट्यावर ठेवलेला होता आणि कॅसेट आत होती.

ती कॅसेट मी वर्षभर ऐकली. सकाळी दाढी करताना, संध्याकाळी जेवणाआधी, रविवारी दोनदोनदा. तिचा कण न् कण मला पाठ झाला. आधी कर्णा शिट्टी घालतो आणि तात्या म्हणतात, "आवाज कमी कर, बाबा." मग गाणं लागतं. मग मध्येच कुणीतरी माईकवर सांगतं, की पाण्याचा टँकर आला आहे, बायांनी गर्दी करू नये. मग एक बाई हसायला लागते आणि हसता हसता तिला खोकला येतो. मग एक मूल रडतं, आणि ते गप्प झालं की तात्या एक ओवी धरतात, जी मी त्याआधी कधीच ऐकली नव्हती. एका धनगराची ती ओवी. तो दिवस बुडताना वाड्यातल्या, म्हणजे माळावरच्या कुंपणातल्या, मेंढ्या मोजतो, आणि एक जास्त भरते.

माळावर वाडा रं, मेंढ्या मोजल्या सांजंला,
एक जास्त भरली, कोण आलं माझ्या वाड्याला?

कमी भरली की धनगर काय करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त भरली तर काय करावं? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला वस्तरा थांबला होता. आणि तात्या दुसरा चरण धरतात, 'फिरून मोजल्या मेंढ्या, बोट ठेवून...', एवढं म्हणतात, आणि कुणीतरी नालायक ओरडतो, "थांब!"

तात्या थांबतात. मग धावपळ, "धरा, धरा त्याला," काहीतरी आपटल्याचा आवाज, बऱ्याच काठ्यांचा आवाज, आणि मग शांतता. मग एक म्हातारा म्हणतो, "तोडलीस. आता तूच म्हण." आणि तो म्हणू लागतो.

त्या आवाजाचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा जगात कशाचा नाही. चिरका, नाकातला, प्रत्येक शब्दाच्या शेवटी लटपटणारा, दाव्यानं गळा आवळलेल्या बोकडाचा असावा तसा आवाज. वर त्याला ओवी पुढं येत होती, हे आणखी संतापजनक. तो दुसरा चरण पुरा करायचा, तिसऱ्याचे पहिले तीन शब्द म्हणायचा, आणि खट्ट करून कॅसेट संपायची. म्हणजे तात्यांच्या तोंडून ती ओवी मला कधीच मिळाली नाही. मिळाली ती या बोकडाच्या तोंडून, आणि तीही अर्धवट. शेवटी ती जास्तीची मेंढी कोण निघाली, हे मला वर्षभर कळलं नाही. झोपेतही मी त्या माणसाला शिव्या घालायचो म्हणे.

सारजा, म्हणजे माझी बायको, एकदा वैतागून म्हणाली, "अवो, काय हाय त्यात ऐकण्यासारखं? नुसती खरखर." गाढवाला गुळाची चव काय, असं मी तिला म्हणालो. त्यानंतर मी कॅसेट लावली की ती उठून परड्यात जाऊन बसायची.

यंदा मी रीतसर रजा टाकली. बारामतीच्या स्टँडवरून सकाळची इंदापूर गाडी धरली, फाट्यावर उतरलो आणि काखेत टेपरेकॉर्डर, पिशवीत ती कॅसेट आणि एक नवी कॅसेट घेऊन उन्हातून चालत माळावर पोचलो. मंडप घातला होता, घोंगड्या अंथरल्या होत्या, पिवळे फेटे आणि काठ्या यांची गर्दी होत होती. मी चहाही न घेता कामाला लागलो. ओळखीचा जो भेटेल त्याला एकच विचारायचो, "गेल्या साली तात्यांची ओवी कुणी तोडली?"

पहिल्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. दुसरा म्हणाला, "सकाळच्या पारी असलं काय इचारतोस?" तिसरी धोंडाबाई, आमच्याच भावकीतली म्हातारी. तिनं कानावर हात ठेवले आणि म्हणाली, "तोंड धुऊन आलायस का न्हाय घरनं? देवाच्या दारात अभद्र बोलू नगंस." मी म्हणालो, की अभद्र मी नाही, ज्यानं तोडली तो, आणि तो आज इथं आलेला असला तर त्याला मी सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडू नका. हे जरा मोठ्यानं बोललो असेन. आजूबाजूचे पाचपन्नास लोक वळले. त्यांतला कुणी माझ्याशी पुन्हा बोलला नाही. मी घोंगडीवर बसलो तर शेजारचे दोघं उठून दुसरीकडं गेले, आणि माझ्याभोवती चांगली दोन हात जागा मोकळी पडली. मला ओळखून होते ना सगळे, मग हे काय? सगळे मिळून त्या माणसाला पाठीशी घालत आहेत, अशी माझी खात्रीच झाली.

दुपारी जेवणाच्या पंगतीत भिमा भेटला. त्याच्याबरोबर आप्पा होते. आप्पा म्हणजे मेळ्याचे कर्ते, सत्तरीचे, कमी बोलणारे. मी भिमाला धरलं.

"तू होतास ना गेल्या साली? कोण होता तो?"

"कोण कोण, दादा?"

"ओवी तोडणारा."

भिमानं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी हातातला घास खाली ठेवला.

"हिंदुराव," ते म्हणाले, "गेल्या साली मेळा झालाच न्हाय. देवळाचं पुजारी वारलं, गावाला सुतक पडलं. आलेली माणसं माघारी गेली."

"दादा, मी सांगिटलं की तुमच्या घरी," भिमा म्हणाला. "तुमचा टेप जसा नेला तसाच कट्ट्यावर आणून ठेवला. वैनींना सांगून गेलो, गाणं झालं न्हाय, कॅसेट कोरीच हाय म्हून."

मला हसू आलं. खरंच सांगतो, आधी हसूच आलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मी तिथल्या तिथं टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला, कॅसेट घातली, सुरुवातीला आणली आणि लावली. कर्णा शिट्टी घालू लागला. तात्या म्हणाले, "आवाज कमी कर, बाबा."

"आता?" मी म्हणालो.

दोघंही कान देऊन ऐकत होते. पंगतीतली आणखी चारजणं वाकली. बराच वेळ ऐकून भिमा हळूच म्हणाला, "खरखर हाय, दादा."

आप्पांनी हात धुतला, माझ्या मांडीवरून टेपरेकॉर्डर उचलला आणि भिमाच्या हातात दिला. "कर्ण्याम्होरं ठेव जा. तात्या उभं ऱ्हायलंत. कॅसेट कोरीच हाय, हीच भर."

"अहो, पुसली जाईल!" मी ओरडलो.

"काय पुसायचंय तिच्यात?" आप्पा म्हणाले. मग खाली आवाजात म्हणाले, "गप बस, हिंदुराव. सकाळधरनं लोकांच्या मनातनं उतरलायस. गप बस आन ऐक."

मी पिशवीतली नवी कॅसेट काढून भिमामागं धावलो असतो, पण तोवर तो मंडपात पुढं पोचला होता, आणि वाटेत लोक होते, आणि ते मला वाट देत नव्हते. कुणी ढकललं नाही, कुणी काही बोललं नाही, फक्त हलायचं म्हणून कुणी हललं नाही. काठ्यांच्या मधून मला दिसलं, की भिमानं टेपरेकॉर्डर स्टेजच्या कडेला ठेवला, कॅसेट परत सुरुवातीला फिरवली आणि भरायची दोन बटणं एकदम दाबली. तेवढ्यात कर्ण्यानं शिट्टी घातली.

"आवाज कमी कर, बाबा," तात्या म्हणाले.

मी होतो तिथं खाली बसलो. हे तर कुठल्याही मेळ्यात होतं, असं मी स्वतःला सांगितलं. कर्णा म्हटलं की शिट्टी आलीच. तात्यांनी गाणं धरलं, ढोल लागला, आणि पुढचा अर्धा तास मी एक ओळ ऐकली नाही. मी वाट बघत होतो. मग माईकवर कुणीतरी आलं आणि म्हणालं, की पाण्याचा टँकर आला आहे, बायांनी गर्दी करू नये. बायांच्या बाजूला धोंडाबाई कशाला तरी हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. माझे हात थंड पडले. वैशाखातल्या दुपारी तीन वाजता, पत्र्यासारख्या तापलेल्या माळावर.

मग मूल रडलं, आणि गप्प झालं.

आणि तेव्हा, माझ्या स्वभावाला धरून म्हणा, मला भीतीऐवजी आशा वाटली. समजा हे सगळं जसंच्या तसं होणार असेल, तर ते अजून व्हायचं आहे. म्हणजे ओवी अजून तुटलेली नाही. तोडणारा इथंच कुठंतरी बसलेला आहे, त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही, आणि या हजार माणसांत हे ठाऊक असलेला मी एकटा आहे. मी त्याला अडवलं, तर तात्यांची ओवी वाचेल. शेवटपर्यंत वाचेल, आणि ती मेंढी कोण ते मला तात्यांच्याच तोंडून कळेल.

"ही ववी नवी हाय," तात्या म्हणाले. "आज सकाळी जुळवली. म्या अजून कुणाम्होरं म्हटलेली न्हाय."

कानावर हात गेला. 'माळावर वाडा रं...'

मी एकेक तोंड न्याहाळू लागलो. माना डोलत होत्या, डोळे मिटलेले होते. फक्त एकजण, माझ्यापुढं तीन रांगा सोडून बसलेला गुलाबी फेट्याचा तरणा गडी, चुळबुळत होता. तो एकदा तात्यांकडं बघायचा, एकदा मागं बघायचा, गुडघ्यावर हात टेकायचा आणि परत बसायचा. ओवी 'कोण आलं माझ्या वाड्याला'पर्यंत आली, तेव्हा त्यानं घसा साफ केला. 'फिरून मोजल्या मेंढ्या', आणि तो उठला. 'बोट ठेवून', आणि त्यानं तोंड उघडलं.

मी झेप घेऊन त्याचा खांदा धरला आणि ओरडलो, "थांब!"

तात्या थांबले.

गुलाबी फेट्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडात तंबाखू होती. तो थुंकायला उठला होता.

पुढचं मला पाठ होतं. "धरा, धरा त्याला," असं मागून कुणी म्हणालं आणि माझ्या पाठीत काहीतरी बसलं. मी घोंगडीवर आपटलो. "सकाळी ह्योच म्हनत हुता, तोडणाऱ्याला सोडू नगा," एक बाई म्हणाली. मला उचलून नाही, ओढतच पुढं नेलं, स्टेजपाशी, आणि उभं केलं. काठ्या जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, शंभरेक काठ्यांचा असेल. मग शांतता झाली. समोर सगळी माझीच माणसं होती, आमच्या आळीतली, भावकीतली, लहानपणी एकाच पाणवठ्यावर मेंढरं पाजलेली, आणि त्यांतल्या एकाही तोंडावर माझी ओळख नव्हती.

"आप्पा," मी म्हणालो, "मी तात्यांना न्हाय म्हणालो. त्याला म्हणालो."

आप्पांनी माईकची दांडी माझ्यापुढं सरकवली.

"तोडलीस," ते म्हणाले. "आता तूच म्हण."

भिमा स्टेजच्या कडेला उभा होता. तो खाली बघत होता. मी तात्यांकडं बघितलं, पंधरा वर्षं ज्यांच्यासाठी आलो त्या माणसाकडं. ते ओठ आवळून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी वर्षभर आरशात बघितलं होतं, दाढी करताना, कॅसेट तिथवर आली की.

मला ओवी येत होती. दुसरा चरण येत होता. मी कानावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

फिरून मोजल्या मेंढ्या, बोट ठेवून शिंगाला,
एक जास्तच भरली, घाम फुटला अंगाला.

डोक्यावरच्या कर्ण्यातून तो आवाज माळावर पसरला. चिरका, नाकातला, प्रत्येक शब्दाच्या शेवटी लटपटणारा. मी मान वर करून कर्ण्याकडं बघितलं. आपला आवाज आपल्याला बाहेरून कसा ऐकू येतो, हे मला कधी ठाऊकच नव्हतं. काट्यावर कोण कुणाचा आवाज भरून ठेवतो?

तात्यांचा कानावरचा हात खाली आला. सकाळी जुळवलेली, कुणापुढं न म्हटलेली ओवी त्यांनी माझ्या तोंडून शब्दाला शब्द ऐकली होती. ते एक पाऊल मागं सरले, मग आणखी एक, आणि गर्दीत जाऊन उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या हातात काठी दिली.

पायाशी टेपरेकॉर्डर चालू होता. त्याच्या खिडकीतून मला डावं चाक दिसत होतं. त्यावर चारदोन वेढे उरले होते आणि ते भराभर फिरत होतं. मला थांबता येईना. तिसऱ्या चरणाचे तीनच शब्द मला येत होते, आणि ते मी म्हणालो.

काठी टेकून पुसतो...

खट्ट करून बटण वर आलं. तिकडं कुणी बघितलं नाही. उन्हात, काठ्या टेकून, सगळे माझ्याकडं बघत उभे होते.